ऑपरेटर जागेवर नव्हता

अण्णा, मी आता मुलाखती घेते. तुम्ही होतात तेव्हा मी त्या देत होते आणि नापास होत होते. महिन्यातून चार-पाच जण माझ्यासमोर बसतात, कधी खोलीत, बहुतेक वेळा पडद्यावर. आधी मी त्यांना लहानसा प्रोग्राम लिहायला लावते, मग सर्व्हर बंद पडला तर कुठून बघायला सुरुवात कराल ते विचारते, आणि शेवटी एक प्रश्न ठेवते: तुमच्या डोळ्यांसमोर बंद पडलेली एखादी यंत्रणा सांगा, आणि ती का बंद पडली ते सांगा. गेल्या आठवड्यात एकाने फार चांगलं सांगितलं. कुठली मशीन आधी गेली, तिचा भार कुणावर गेला, किती मिनिटांनी कुणाच्या लक्षात आलं, सगळं ओळीने. शेवटी म्हणाला, पाळीवरच्या माणसाने इशारा बघितला नाही, चूक त्याची होती. मी विचारलं, त्याने का बघितला नाही? तो म्हणाला, ते मला माहीत नाही. मी त्याला नाकारलं. कारण लिहायच्या चौकटीत लिहिलं की उमेदवार माणसापाशी येऊन थांबतो, माणसाच्या मागे काय होतं ते बघत नाही. फॉर्म पाठवला आणि तशीच बसून राहिले. मला स्वतःला नोकरी लागली ती अगदी याच उत्तरावर. माझ्या उत्तरातला माणूस तुम्ही होतात.

ते वर्ष मी तुम्हाला काय सांगावं. तरी एकदा ओळीने लिहून बघते. माजलगाव धरणाचं पाणी पंपघरापासून इतकं मागे सरकलं होतं की संस्थेने चर खणून ते विहिरीपर्यंत आणलं होतं. उपसा सिंचनाच्या त्या सहकारी संस्थेत चार गावं होती आणि चालू पंप एकच उरला होता, तुम्ही चालवायचात तो. चर थोडं पाणी द्यायचा, पंप जास्त ओढायचा. म्हणून वीस मिनिटं पंप चालवायचा, बंद करायचा, विहीर भरेपर्यंत थांबायचं, पुन्हा चालवायचा. पाणी फार उतरलं की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट विहिरीत होता. तो फार लवकर बंद करतो असं कमिटीचं म्हणणं पडलं, आणि तुमच्यादेखत तो तारेने वर बांधला गेला. तुम्ही म्हणालात, असं नका करू. चेअरमन म्हणाले, "फ्लोटला काय कळतंय बे? तू हायस की बसायला." तुम्ही बसलात. विहिरीच्या जाळीशेजारी लोखंडी खुर्ची, मनगटावर घड्याळ. पाणी उपसायची परवानगी पंधरा दिवसांची होती. त्यानंतर उरलेलं पाणी पिण्यासाठी राखीव होणार होतं. वरच्या गावापासून पाळ्या सुरू झाल्या. शेवटच्या गावाची पाळी शेवटी.

मी पुण्यात, सहा जणींच्या खोलीत एका कॉटवर. बीडला मराठी साहित्यात पदवी घेऊन मी सर्व्हर सांभाळायचं काम शिकायला आले होते. आईला ते कधी कळलं नाही. तुम्हाला कळलं. तुम्ही एवढंच म्हणाला होतात, "पुस्तकं वाचणाऱ्यानं मशिनीला हात लावू न्हाई असं कुठं लिवलंय?" पण मुलाखतीत मी अडत होते. कागदावर सगळं यायचं, तोंडाने सांगताना दोन वाक्यांनंतर गाठ पडायची. क्लासमधल्या बाई म्हणाल्या, ज्याला यातलं काहीच माहीत नाही अशा माणसाला सांगून बघ. त्याला कळलं तर तुला आलं. मी दुपारी तुम्हाला फोन लावला. विहीर भरायची तुम्ही वाट बघत होतात.

"अण्णा, मी सांगते ते ऐका. कळलं नाही की थांबवा."

"मला त्यातलं काय कळणार हाय?"

"म्हणूनच तुम्हाला सांगते."

"सांग मग. विहीर भरूस्तोर मी मोकळाच हाय."

मी सर्व्हरपासून सुरुवात केली. सर्व्हर म्हणजे काय, तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, मोटार समजा. तुम्ही विचारलंत, किती एचपीची? मी हसले तर तुम्ही रागावलात. "हसू नको. मोटार म्हणायची आन एचपी सांगायची न्हाई, मग भार किती द्यायचा ते कुणी ठरवायचं?" तो प्रश्न बरोबर होता. पुढे तो मला मुलाखतीतही आला, फक्त इंग्रजीत. मी म्हणाले, एक सर्व्हर बसला की त्याचा भार दुसऱ्यावर जातो. "आन मग दुसरा बसतो," तुम्ही म्हणालात. "आपली धाकली मोटार तशीच गेली गेल्या साली. पुढं सांग." दुसऱ्या दिवशी मी रांग कशी लिहितात ते सांगितलं, आधी आलेल्याला आधी सोडायचं, पाळीपत्रकासारखं. तुम्ही विचारलंत, मधेच कुणी घुसलं तर? मी म्हणाले, काही कामं महत्त्वाची असतात, ती आधी घेतात, त्याला प्रायॉरिटी क्यू म्हणतात.

"आमच्याकडं त्याला चेअरमनचा भाचा म्हणत्यात."

खोलीतल्या पाचही जणींना मी ते सांगितलं. त्यांच्यातली एक अजून भेटली की विचारते, भाचा काय म्हणतो.

असे आठ-दहा दिवस. रोज विहीर भरेपर्यंतचा वेळ माझा. तुम्ही शिकत होतात असं मी म्हणणार नाही. तुम्ही तपासत होतात. एकदा मी मेमरीबद्दल काहीतरी सांगत होते आणि मला ते नीट येत नव्हतं. तुम्ही मधेच थांबवलंत. "आता तू मला फिरवतीस बाई. त्येच दोन डाव बोललीस. माहीत न्हाई तर न्हाई म्हन आन मोकळी हो. न बघता बोलणाऱ्या मिस्त्रीला मी दारात उभा करत न्हाई." मला राग आला होता. दोन दिवस मी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी केला तेव्हा तुम्ही इतकंच विचारलंत, "सापडलं का त्ये?" सापडलं होतं.

सोमवारी मुलाखत होती. त्याआधीच्या गुरुवारी सकाळी मी फोन लावला. शेवटच्या गावाची पाळी त्याच सकाळी सुरू झाली होती. मला एक प्रश्न पक्का करायचा होता: माणसाने पडद्यावर वेबसाइटचा पत्ता टाकल्यापासून समोर पान येईपर्यंत मधे काय काय होतं. तो सगळीकडे विचारतात. मी त्यात दोनदा अडले होते. पंप चालू होता आणि मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.

"अण्णा, बाहेर या ना जरा."

"पंप चालू हाय बाई. विहीर भरू दे, मग कर."

"मग मला क्लासला जायचंय. पाचच मिनिटं."

तुम्ही दारात आलात. मी म्हणाले, अजून लांब. तुम्ही बाभळीपर्यंत गेलात. चालताना तुमच्या चपलांचा आवाज येत होता. मी सांगायला लागले, आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा सलग आलं. पत्ता कोण शोधून देतं, कोणत्या वाटेने मागणी जाते, कुठे तपासणी होते, कोण उत्तर देतं, उत्तर कोणत्या वाटेने परत येतं. कुठेही गाठ पडली नाही. संपलं. तुम्ही म्हणालात, "आज कळलं बघ. टेलच्या, पार शेवटच्या शेतातनं पाणी मागितलं आन त्ये पोचलं, असं." मी म्हणाले, पुन्हा एकदा सांगू? म्हणजे बसेल. तुम्ही थांबलात. घड्याळ बघितलं असेल. म्हणालात, "सांग. बिगीनं." दुसऱ्यांदा सांगून होत आलं होतं तेव्हा मोटार बसली. ती शांतता तुमच्या लक्षात आली. "थांब," म्हणालात, आणि फोन हातात तसाच ठेवून पळालात.

पंप कोरडा चालला होता. आतले बुश जळाले, शाफ्ट वाकला. हे मला शनिवारी आईकडून कळलं. तुम्ही तिला सांगू नको म्हणाला होतात, तिला राहवलं नाही. दुरुस्तीला नेलेला पंप परत आला तेव्हा परवानगी संपून चार दिवस झाले होते. शेवटच्या गावाला त्या वर्षी तीन तासांहून जास्त पाणी मिळालं नाही. त्यांच्या मोसंबीच्या बागा वाळल्या. मी दिवाळीला एसटीने आले तेव्हा रस्त्यालगत खोडांच्या मोळ्या रचलेल्या होत्या. खिडकीशेजारची बाई म्हणाली, पाटोद्याकडं तर याहून वाईट हाय. मला त्याने बरं वाटलं नाही.

मीटिंगमध्ये काय झालं ते मला तुम्ही गेल्यावर संस्थेच्या क्लार्ककाकांनी सांगितलं. चारही गावांचे लोक होते. शेवटच्या गावाचे ते म्हातारे गृहस्थ, जे आपल्याकडे पाळीचा दिवस विचारायला यायचे आणि आईच्या हातची भाकरी खाऊन जायचे, ते उठले आणि तुमच्याकडे न बघता बोलले. "आमी शेवटाला हावोत म्हणून दर साली ऐकून घेतलं. पाणी कमी आलं, ऐकलं. उशिरा आलं, ऐकलं. औंदा पाणी हुतं, मोटार हुती, परवानगी बी हुती. मानूस न्हवता." फ्लोट तारेने बांधल्याचं कुणी काढलं नाही. चेअरमननी तुम्हाला विचारलं.

"कुठं गेलतास बे?"

"भाईर हुतो. बाभळीपाशी."

"कावून?"

"उगंच."

"उगंच म्हंजी? पंप चालू ठिवून माणूस उगंच भाईर जातो व्हय?"

"चूक माजी हाय. लिवून घ्या."

क्लार्ककाका म्हणाले, फोनवर होता हे चराकडच्या माणसांनी बघितलं होतं. एकाने विचारलंही, फोन कुणाचा होता. तुम्ही गप्प बसलात. मला माहीत आहे का गप्प बसलात. पोरगी पुण्यात, एकटी, तिच्या फोनापायी गावाचं पाणी गेलं, हे एकदा त्या सभेत बोललं गेलं असतं तर चार गावांत माझं नाव तेच पडलं असतं. तुम्हाला कामावरून काढलं नाही. हलवलं. संस्थेच्या चारा छावणीवर उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या मोजून द्यायला उभं केलं. सव्वीस वर्षं मोटार चालवलेला माणूस.

आणि सोमवारी मी मुलाखतीला बसले. तिथे एक गृहस्थ आणि एक बाई होत्या. पत्त्यापासून पानापर्यंतचा प्रश्न आला आणि मी तो सांगितला, तुम्हाला बाभळीखाली सांगितला तसा. मग गृहस्थ म्हणाले, तुम्ही नवीन आहात, कामाचा अनुभव नाही, तरी एखादी यंत्रणा बंद पडलेली बघितली असेल, कुठलीही. मला दुसरं काही सुचलं नाही, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला ते लगेच सुचलं, आणि ते चांगलं आहे हेही लगेच कळलं. मी पंपघर सांगितलं. चर, विहीर, वीस मिनिटं, वर बांधलेला फ्लोट, कोरडा पंप. दोघेही पुढे झुकून ऐकत होते. बाईंनी विचारलं, मग मूळ कारण काय? मी म्हणाले, संरक्षण काढून टाकलेलं होतं आणि ऑपरेटर जागेवर नव्हता. का नव्हता? मी म्हणाले, फोनवर बोलत होता. कुणाशी? अण्णा, तो प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. त्यांना पुढे जायचं होतं. मी म्हणाले, माहीत नाही. ते मी फार सरळ म्हणाले, न अडता, तुम्ही शिकवलं होतंत तसं. त्या म्हणाल्या, म्हणजे मानवी चूक. मी म्हणाले, हो.

नोकरी लागली. तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही छावणीवर होतात. मागे गुरांचा आवाज होता. तुम्ही विचारलंत, "काय काय इचारलं?" मी म्हणाले, आपण केलेलंच सगळं. "पत्त्याचं इचारलं का?" विचारलं. "मग?" सलग आलं. तुम्ही कुणाला तरी मोठ्याने सांगितलंत, पोरीला नोकरी लागली पुण्यात, आणि पलीकडून कुणी तरी म्हणालं, मग पेढे काढा की, नुसत्या पेंढ्या काय देता. तुम्ही हसलात. मी तेव्हा सांगू शकले असते. तुम्ही आनंदात होतात म्हणून सांगितलं नाही, असं म्हणता येईल. दिवाळीत मी तुमच्यासाठी नवा फोन आणला. तुम्ही तो खोक्यातून काढला नाहीत. "जुना हाय की चांगला." त्यानंतर फोनवर तुम्ही कधी दोन मिनिटांवर बोलला नाहीत. बरी हायस ना, जेवलीस ना, ठिवतो. मला वाटायचं, आता मुलाखतीची तयारी नाही, बोलायला काय असणार. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात, छावणी उठायच्या आधी.

तुमचे कागद आणायला मी संस्थेत गेले तेव्हा क्लार्ककाकांनी पंपघराचं रजिस्टर दाखवलं. मी मागितलं नव्हतं. त्यांना वाटलं, लेकीला बापाचं अक्षर बघावंसं वाटेल. त्या गुरुवारच्या ओळीत तुम्ही लिहिलं होतं: पंप कोरडा चालला. ऑपरेटर जागेवर नव्हता. खाली ऑपरेटर म्हणून तुमचीच सही. शेऱ्याचा रकाना कोरा होता. काकांनी चहा सांगितला होता, टेबलावर पेन होतं. चार गावांपैकी दोन गावांची माणसं बाहेर ओट्यावर बसली होती. मी रजिस्टर मिटून परत दिलं आणि चहा घेतला.

आता माझ्या कामात नियम आहे की काही बंद पडलं तर अहवालात माणसाचं नाव लिहायचं नाही, आणि मानवी चूक हे कारण म्हणून मान्य करायचं नाही. नवीन लोकांना तो मी शिकवते. मी फळ्यावर विहीर काढते, फ्लोट काढते, तार काढते, खुर्चीवर माणूस काढते, आणि विचारते, याला दोष द्यायचा का? सगळे नाही म्हणतात. मग मी कमिटी काढते. सगळ्यांना पटतं की दोष तारेचा होता. मलाही पटतं. तार नसती तर पंप आपोआप बंद झाला असता, तुम्ही बाभळीखाली असतात तरी. पण फळ्यावर मी फोन काढत नाही. कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

हे आईला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. ती आता माझ्याकडेच असते. फोनचं तिच्यापर्यंत कुणी पोचवलं नाही. तिला अजून वाटतं की तुम्ही विडी ओढायला बाहेर गेला होतात, आणि ती त्यासाठी तुम्हाला बोल लावते, तुम्ही विडी सोडून दहा वर्षं झाली होती तरी. तिला हे दाखवणार नाही. पुढचं तर नाहीच.

दुसऱ्यांदा सांगत होते तेव्हा मी अर्ध्यावर होते. तुमच्या मागे पंपाचा आवाज येत होता, लांबून, एकसारखा. मग तो बदलला. भरलेला आवाज पातळ झाला आणि त्यात खरखर यायला लागली. तुमचा डावा कान मोटारीने केव्हाच नेला होता आणि उजव्याला मी होते. तुम्हाला ऐकू गेलं नाही. मला गेलं, आणि ते काय आहे हेही कळलं. लहानपणी शाळा सुटली की मी त्याच पंपघराच्या ओट्यावर अभ्यास करायची. अण्णा, पंप बघा, एवढंच म्हणायचं होतं. पण उत्तर सलग येत होतं. थांबले असते तर पुन्हा तसं आलं नसतं असं मला वाटलं. मी आवाज थोडा चढवला आणि पुढचं वाक्य घेतलं. मग त्याच्या पुढचं. मोटार बसेपर्यंत तीन मिनिटं तरी गेली असतील.

तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, तुला फोनमधून काही ऐकू आलं का म्हणून. विचारलं असतंत तर मी नाही म्हणाले असते.